भारतातल्या कामकरी बायका बहुतेक शेतीतच का दिसतात, कारखान्यात-ऑफिसात का नाही?

'दिसतात' या शब्दावरच आधी बोलते, कारण बायकांचं काम कागदावर दाखवायची नोकरी मी नागपुरात तीन वर्षं केलीय. कंत्राटी सर्वेक्षक. फॉर्मात प्रत्येकाच्या कामापुढे लिहायचे कोड अजून पाठ आहेत: ३१ पगारी, ५१ रोजंदारी, २१ घरच्या धंद्यात बिनपगारी मदतनीस, ९२ फक्त घरकाम.

पाचपावलीत एका घरी गेले. नवऱ्याचा तर्री-पोह्यांचा ठेला. बायको काय करते विचारलं तर म्हणे, "थे काही नाही करत मॅडम, घरीच रायते." ती मागे बसून उद्याचे चणे निवडत होती, बोटं तिखटाच्या तेलानं लाल. मी तिलाच विचारलं, तर्री कोण करतं? "मीच करतो नं. तीन वाजता उठतो." चणे शिजवणं, ढीगभर कांदा चिरणं, पोहे भिजवणं, ठेला परत आला की गंज (पातेली) घासणं, सगळं तिचंच. नवरा हसून म्हणाला, "हे काय काम झालं काय?" मी २१ लिहिलं. संध्याकाळी सुपरवायझर म्हणाले, घरचा कर्ता सांगतो ते लिहा, ९२ करा. नाही केलं. पुढचं कंत्राट मिळालं नाही (कारण दुसरंही असू शकेल).

आता पंधरा वर्षांवरच्या बायकांचा कामातला सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता तो २०२३-२४ मध्ये ४१.७ झाला, म्हणून सगळे खूश आहेत. त्या कामकरी बायकांमध्ये एक तृतीयांशाहून जास्त या २१ वाल्या आहेत, हे कोणी बोलत नाही. काम धरलं, पैसा शून्य.

शेतीतच का, तर शेत घराला लागून असतं, पोर बांधावर झोपवता येतं आणि कोणाची परवानगी लागत नाही. कारखान्यात शिफ्ट असते. १९४८ च्या कारखाने कायद्यानं संध्याकाळी ७ ते सकाळी ६ बायकांना कामावर ठेवायलाच मनाई होती, सवलती नंतर आल्या. आणि सवलत मिळाली तरी रात्री हिंगणा एमआयडीसीतून घरी कशी येणार, हे घरचे विचारणारच. त्यात घरी चार पैसे आले की बाईला आधी शेतातून काढतात, इभ्रत म्हणून. शिकलेली असेल तर ऑफिसातूनही.

हां, हे सगळीकडे सारखं नाही. शाळा, दवाखाने, अंगणवाड्या बायकांवरच चालतात. पण अंगणवाडीताईला मिळतं ते 'मानधन', पगार नाही.

आमचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, काटोलला असतात. कोणी विचारलं की छाती फुगवून सांगतात, "आमच्या घरच्या बायका शेतात जात नाहीत." सासूबाई दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत कापूस वेचतात, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी. मी एकदा जेवताना म्हटलं, भाऊजी, आईंना २१ लावते, तर ताट सरकवून उठले. वर्षातले तीस दिवस जोडकाम केलं तरी सर्वेक्षणात धरतात हो, आईंचे तर तीन महिने भरतात. त्यांना मान्यच नाही. यंदाही कापसाच्या विक्रीची पट्टी भासऱ्यांच्याच नावावर फाटली, आणि दिवाळीच्या साडीला आईंनी त्यांच्याचकडे पैसे मागितले.