जुन्या गाडीच्या चासीला आतून गंज लागू नये म्हणून काय करावं? जळकं ऑइल ओतलं तर चालेल का?

ऑइलचं नंतर. आधी गाडीखाली झोपा आणि चासीच्या तळाची भोकं बघा. कोणी बुजवली असतील तर आजच मोकळी करा.

आमची लँड रोव्हर सिरीज टू, 1960 ची. बाबांनी लिलावात घेतली आणि देवगडजवळच्या आमच्या बागेत तिने वर्षानुवर्षं आंब्याच्या पेट्या वाहिल्या. महायुद्धानंतर इंग्लंडात पोलादाची टंचाई होती म्हणून या गाड्यांची बॉडी अ‍ॅल्युमिनियमची केली. चासी मात्र पोलादी पत्रे जोडून केलेली बंद पेटी. वरून गाडी धडधाकट दिसते आणि खाली आतल्या आत कुजते.

2009 च्या मे महिन्यात मी चासीच्या मागच्या क्रॉस मेंबरवर, म्हणजे आडव्या तुळईवर, हातोडी मारली. चांगला पत्रा टण्ण वाजतो, हा थप वाजला. स्क्रूड्रायव्हर टेकवला तर मुठीपर्यंत आत. दादा तिथेच म्हणाला, "तू गाडी किनाऱ्यावर नेतोस ना, त्या खाऱ्या पाण्याने सडली." तेव्हापासून हे वाक्य मी प्रत्येक लग्नकार्यात ऐकतोय.

दादा मुंबईला गेल्यावर मिस्त्रीने तो भाग कापला. मी शेजारीच होतो. आतून घमेलंभर तांबडी माती पडली, ओलीगच्च. वाळूचा कणही नाही. ही माती बागेच्या रस्त्याची, आणि त्या रस्त्याने आम्ही सगळेच गाडी हाकायचो. चाकांनी उडवलेला चिखल फटीफटीतून आत जातो, त्याचं पाणी खालच्या भोकांतून निथळायला हवं. ती भोकं दादाने वेल्डिंग मारून बंद करून घेतली होती, "खालून पाणी शिरतं" म्हणून. अहो, पाणी खालून बाहेर पडतं!

तेव्हा भोकांतून जोरात पाणी मारून चासी आतून धुवा, स्वच्छ पाणी येईपर्यंत. मग कॉम्प्रेसरची हवा आणि एप्रिल-मेचं ऊन. यानंतर मारायचं ते कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळ भागात आतून फवारायचं गंजरोधक मेण; आत ओल राहिली तर ते मारून उपयोग नाही. वेल्डिंग असेल ते आधीच उरका, वॅक्स पेट घेतं. मग लांब नळीला चहूबाजूंनी फवारणारं नोझल लावून कॅव्हिटी वॅक्स मारा. उन्हात तापलेल्या पत्र्यावर ते पातळ होऊन सांध्यांत उतरतं. शेवटी प्रत्येक भोकातून तार फिरवा, नाहीतर वॅक्सनेच ती बुजतील. बाहेरून डांबरी अंडरकोट थापून आतला गंज थांबत नाही, हे दादाला कोणीतरी सांगा.

जळकं ऑइल मी ओतणार नाही. त्यात इंजिनातलं आम्ल आणि पाणी असतं, जोडांमधले रबरी बुश फुगतात, कातडीला ते वाईट, आणि आमची विहीर शेडपासून वीस पावलांवर आहे. कोऱ्या पत्र्यापेक्षा तेलकट पत्रा बरा, एवढं मान्य. खाऱ्या हवेने गंज लवकर धरतो हेही खरं. म्हणूनच किनाऱ्यावरून आलो की मी दर वेळी गोड्या पाण्याने गाडी खालून धुवायचो.

कापलेला तुकडा मांगरात ठेवलाय. बुजवलेल्या भोकांवरचे वेल्डिंगचे टिक्के अजून स्पष्ट दिसतात. दर गणपतीला दादा आला की मी तो खळ्यात आणून ठेवतो. तो अजून बघायला आलेला नाही.