रॅम्प आहे, पण चढता येत नाही : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : मी सोलापुरातील एका अनुदानित महाविद्यालयात द्वितीय वर्षाला आहे आणि लहानपणापासून व्हीलचेअर वापरते. ग्रंथालयाच्या दाराशी गेल्या वर्षी रॅम्प बांधला, परंतु तो इतका उभा आहे की मागून दोघींनी ढकलल्याशिवाय चढता येत नाही. वर गुळगुळीत फरशी बसवल्यामुळे पावसाळ्यात चाके मागे घसरतात. दिव्यांगांसाठीच्या स्वच्छतागृहाला कायम कुलूप असते. आत झाडू, बादल्या आणि मोडके बाक ठेवले आहेत. तक्रार केली की ‘मैत्रिणी उचलून नेतातच ना’ असे उत्तर मिळते. वेगवेगळ्या महाविद्यालयांतील आम्ही पाच-सहा दिव्यांग मुले-मुली आता एकत्र आलो आहोत. सुरुवात कोठून करावी? भांडखोर म्हणून माझे नाव पडेल, अशी घरच्यांना भीती वाटते.
— एक विद्यार्थिनी, जुळे सोलापूर

उत्तर : मैत्रिणी उचलून नेतात हा त्यांचा चांगुलपणा आहे आणि त्याबद्दल त्यांचे कौतुकच केले पाहिजे, पण त्यांच्या चांगुलपणावर महाविद्यालयाने आपली जबाबदारी ढकलणे योग्य नाही. ज्या दिवशी त्या येणार नाहीत त्या दिवशी तुमचे ग्रंथालय बंद, असा त्याचा अर्थ होतो. शिवाय विसाव्या वर्षी सर्वांच्या देखत कोणीतरी आपल्याला उचलून नेणे तुम्हाला कसे वाटते, हे विचारण्याची गरज त्या उत्तर देणाऱ्यांना वाटलेली दिसत नाही.

कायदा तुमच्या बाजूने आहे आणि तो पुरेसा स्पष्ट आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 हा 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला. शिक्षणासाठी वापरली जाणारी इमारत, मग ती सरकारी असो वा खासगी, या कायद्याच्या व्याख्येनुसार सार्वजनिक इमारत ठरते. कलम 16 नुसार शासनाचे अनुदान किंवा मान्यता असलेल्या शिक्षणसंस्थेने इमारत, परिसर आणि सुविधा दिव्यांगांना वापरता येतील अशा केल्या पाहिजेत आणि प्रत्येक विद्यार्थ्याच्या गरजेनुसार आवश्यक ती सोय करून दिली पाहिजे. जुन्या सार्वजनिक इमारतींना कलम 45 ने नियम जाहीर झाल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली होती. नियम जून 2017 मध्ये जाहीर झाले, म्हणजे ही मुदत जून 2022 मध्येच संपली आहे. त्यानंतर राजीव रतुरी यांच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 रोजी सांगितले की सुगम्यतेची मानके केवळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवता येणार नाहीत, आणि केंद्र सरकारने तीन महिन्यांत बंधनकारक नियम ठरवावेत, असा आदेश दिला.

मात्र प्राचार्यांपुढे कायद्याची कलमे ठेवण्याआधी मोजपट्टी ठेवावी, असे मी आग्रहाने सुचवेन. आपल्याकडे बहुतेक रॅम्प ‘केला’ असे दाखवण्यासाठी होतात आणि तेथेच सगळे बिघडते. मानक साधे आहे : एक फूट उंची चढायची असेल तर बारा फूट लांबीचा उतार हवा. तुमच्या ग्रंथालयाचा जोता दीड फूट उंच असेल, तर रॅम्प अठरा फूट लांब असला पाहिजे; सहा फुटांत तो बसवला असेल, तर उतार तिप्पट तीव्र झाला. दाराशी तेवढी जागा नसेल तर मध्ये सपाट थांबा देऊन रॅम्प वळवता येतो. दोन्ही बाजूंना कठडा, पाय आणि चाक घसरणार नाही अशी खरबरीत फरशी, रॅम्प संपल्यावर दारासमोर खुर्ची वळेल एवढी सपाट जागा आणि दाराची मोकळी रुंदी किमान 900 मिलिमीटर, एवढे सर्व तपासा. उंबरा अर्ध्या इंचाचा असला तरी तो लिहा, कारण पुढच्या लहान चाकाला तेवढाही पुरतो. रॅम्पच्या पायथ्याशी मोटारसायकली उभ्या राहत असतील तर तारखेसह छायाचित्रे काढा.

हे सारे एका पानावर मांडून लेखी अर्ज द्या आणि पोहोच घ्या. अनुदानित संस्थेवर कलम 23 नुसार तक्रार निवारण अधिकारी नेमण्याचे बंधन आहे. त्यांचे नाव लेखी मागा. दोन आठवड्यांत चौकशी करण्याचे त्या कलमातील बंधन मात्र नोकरीतील भेदभावाच्या तक्रारींसाठी आहे. समाधान झाले नाही तर पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे जाता येते. आयुक्तांना चौकशीसाठी दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. त्यांनी शिफारस केली, तर संबंधित संस्थेने तिच्यावर काय केले हे तीन महिन्यांत कळवावे लागते. स्वच्छतागृहाच्या कुलपासाठी मात्र इतके थांबू नका. एक खोली रिकामी करून कुलूप काढून टाकणे हे एका दिवसाचे काम आहे, म्हणून ती मागणी वेगळ्या अर्जात करा.

तुम्ही पाच-सहा जण एकत्र आलात, ही मला तुमच्या पत्रातील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. एकट्या विद्यार्थिनीला ‘अडचण’ मानून तिची समजूत काढली जाते. गटाला उत्तर द्यावे लागते. परंतु गटात प्रत्येकाची गरज वेगळी असते आणि कधी कधी ती परस्परविरोधी असते, हे आधीच ओळखून घ्या. तुम्हाला पदपथाची कड रस्त्याला सपाट मिळालेली हवी असते. पांढरी काठी वापरणाऱ्या तुमच्या मित्राला तीच कड पदपथ कोठे संपतो हे सांगते. ती सपाट केली की त्याला नकळत तो वाहनांत उतरेल. यावर उपाय आहे. उतार द्यायचा आणि त्याच्या तोंडाशी उंचवट्यांच्या ठिपक्यांची फरशी बसवायची, म्हणजे काठीला आणि पायाला इशारा मिळतो. असे वाद तुमच्या बैठकीतच मिटवून मग अधिकाऱ्यांकडे जा, नाहीतर ‘तुमचेच एकमत नाही’ हे सांगायला त्यांना निमित्त मिळेल. एखाद्या सकाळी सर्वांनी मिळून नवी पेठेतून फिरून पाहा आणि कोणाला कोठे थांबावे लागले याची नोंद प्रत्येकाने स्वतः करा.

आणखी एक. मागणी काम संपल्यावर करू नका, आखणीच्या वेळी करा. सिद्धेश्वर यात्रेच्या गड्ड्यासाठी, म्हणजे जत्रेसाठी, होम मैदानावर स्टॉलच्या जागा आखल्या जातात, तेव्हाच दोन रांगांमधील वाट किती रुंद ठेवायची हे ठरते. जानेवारीत गर्दीत अडकल्यावर सांगून काही होत नाही. ज्या समितीत नकाशा मंजूर होतो तेथे तुमच्यापैकी कोणीतरी बसलेले असावे, असा आग्रह धरा. दिव्यांगांशी सतत सल्लामसलत करण्याची गरज उपरोक्त निकालातही अधोरेखित झाली आहे.

घरच्यांना जावेद आबिदी यांच्याविषयी सांगा. व्हीलचेअर वापरणाऱ्या या कार्यकर्त्याने तिशीत असताना, डिसेंबर 1995 मध्ये, दिल्लीत दिव्यांगांना रस्त्यावर आणले आणि त्याच महिन्यात संसदेने दिव्यांगांसाठीचा पहिला व्यापक कायदा संमत केला. त्यांनाही हट्टी म्हटले गेले असेल. पण आज तुम्हाला ज्या हक्कांचा आधार आहे, त्यांची सुरुवात त्या कायद्यापासून झाली.

प्रश्न : माझी मुलगी 19 वर्षांची असून जन्मापासून कर्णबधिर आहे. तिला मैत्रिणींसोबत महापालिकेत जाऊन दिव्यांग निधीबद्दल निवेदन द्यायचे आहे. आजवर तिच्या वतीने सगळीकडे मीच बोलत आले. तिचे म्हणणे तिथे कोणाला समजणार? मी सोबत जाऊन बोलले तर काय बिघडेल?
— एक आई, अशोक चौक परिसर

उत्तर : ताई, तुम्ही सोबत अवश्य जा, पण बोलू तिला द्या. इतकी वर्षे तुम्ही तिचा आवाज झालात आणि ते कष्ट लहान नव्हते. आता ती सज्ञान आहे, मतदार आहे, आणि स्थानिक स्वराज्य संस्थांनी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा पाच टक्के निधी तिच्यासारख्यांसाठी आहे. तो कशावर खर्च व्हावा हे तिने तिच्या शब्दांत सांगितले, तर त्यातून निघणारी मागणी तुमच्या मागणीपेक्षा वेगळी असू शकते. तुम्ही कदाचित शिलाई मशीन मागाल. ती कदाचित रुग्णालयात सांकेतिक भाषेचा दुभाषी मागेल.

निवेदन लेखी असावे आणि भेटीची वेळ ठरवतानाच दुभाष्याची मागणी नोंदवावी. कर्णबधिरांच्या शाळेतील एखाद्या शिक्षिकेला दुभाषी म्हणून येण्याची विनंती करता येईल. तिने मुलीचे म्हणणे जसेच्या तसे मांडावे, स्वतःचे सल्ले त्यात मिसळू नयेत, हे आधी बोलून घ्या. अधिकारी सवयीने तुमच्याकडे पाहून प्रश्न विचारतील. तेव्हा तुम्ही मुलीकडे हात करा, म्हणजे त्यांची नजर तिकडे वळेल.

तुमच्या भागात घरात तेलुगू, शाळेत मराठी आणि शेजारी कन्नड हे नित्याचे आहे; सोलापूरकरांना दुसऱ्याची भाषा शिकण्याचे ओझे कधी वाटले नाही. तशीच तिची भाषाही घरातील सर्वांनी शिकावी, असे मला मनापासून वाटते. दिल्लीतील भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने सुमारे दहा हजार शब्दांचा कोश तयार केला आहे आणि त्याच्या चित्रफिती मोबाईलवर पाहता येतात. ही भाषा दुबळी नाही. 1977 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत दिव्यांग तरुणांनी एका सरकारी इमारतीत तीन आठवड्यांहून अधिक काळ ठिय्या दिला होता. आतील दूरध्वनी तोडले गेले, तेव्हा कर्णबधिर आंदोलकांनी खिडकीतून हातांनी खुणा करून बाहेरच्या साथीदारांना निरोप पोहोचवले. ऐकू येणाऱ्या सहकाऱ्यांचे काम त्या वेळी त्यांच्या भाषेने चालवले.

प्रश्न : अपघातानंतर उजव्या हाताची बोटे नीट वळत नाहीत. प्रमाणपत्रावर 35 टक्के अपंगत्व आहे. 40 टक्क्यांच्या आत असल्याने स्पर्धा परीक्षेत लेखनिक (उत्तरे लिहून देणारा मदतनीस) मिळणार नाही, असे मित्र सांगतात. हे खरे आहे का?
— एक उमेदवार, बार्शी

उत्तर : पूर्ण खरे नाही. सरकारी नोकरीतील 4 टक्के आणि उच्च शिक्षणातील 5 टक्के आरक्षणासाठी किमान 40 टक्के अपंगत्व लागते. लेखनिकाचे तसे नाही. विकास कुमार यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 11 फेब्रुवारी 2021 रोजी ही टक्केवारीची अट लेखनिकासाठी लावता येणार नाही, असे स्पष्ट केले. त्यानुसार केंद्राने 10 ऑगस्ट 2022 रोजी 40 टक्क्यांखालील उमेदवारांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या आणि तासाला किमान 20 मिनिटे जादा वेळेची तरतूदही त्यांत होती; 2025 मध्ये त्यांच्या जागी नव्या सूचना आल्या, म्हणून सध्याच्या सूचना पाहून घ्या. त्यासाठी लिहिण्यात अडचण असल्याचे सक्षम वैद्यकीय अधिकाऱ्याचे वेगळे प्रमाणपत्र लागते. केवळ टक्केवारीचा दाखला पुरत नाही. ते अर्ज भरण्यापूर्वी काढा, अर्जातील लेखनिकाचा रकाना न विसरता भरा आणि जाहिरातीत उल्लेख नसेल तर परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडे त्याच आठवड्यात लेखी विचारणा करा.