पहिला डायोरामा: आधी कागद, मग कात्री

प्रिय दोस्ता,

पहिल्या डायोरामासाठी, म्हणजे माणसांच्या छोट्या पुतळ्यांनी (फिगर्सनी) मांडलेल्या दृश्यासाठी, विषय तू चांगला निवडला आहेस: इटलीतली सेनियो नदी, ९ एप्रिल १९४५, ५व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन. कंपनी रनर (निरोप पोचवणारे शिपाई) नामदेव जाधव यांना त्याच दिवसाच्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. जखमी सोबत्याला पाठीवर घेऊन पाण्यातून बांध चढणारे जाधव दाखवावेत, असं तुला वाटणं साहजिक आहे. पण ते तिसऱ्या-चौथ्या डायोरामासाठी ठेव. त्यात पाणी आलं, ओले कपडे आले, आणि एकमेकांना बिलगलेल्या दोन फिगर्स आल्या. तशी जोडी तयार किटमध्ये सहसा मिळत नाही, म्हणजे हातपाय कापून पुट्टीने नव्याने घडवणं आलं. पहिल्या कामात यातली एकच गोष्ट बिघडली तरी सगळं अर्धवट राहतं.

त्याऐवजी हल्ल्याआधीचा क्षण घे. पूर्वेकडच्या बांधाआड तीन सैनिक थांबले आहेत. एक बसून टॉमीगनच्या (हातातल्या छोट्या मशीनगनच्या) मॅगझिनमध्ये गोळ्या भरतोय, दुसरा उभा राहून त्याच्याकडे बघतोय, तिसरा उताराला पाठ टेकून बसलाय. तीन पुरेत. चौथा आला की गट फुटतो.

आता मापं. १/३५ प्रमाणात १७५ सेंमी उंचीचा माणूस ५ सेंमीचा होतो. तळपट्टी १४ बाय १४ सेंमी घे, म्हणजे प्रत्यक्षातली ४.९ मीटरची चौकट. ३० सेंमीची फळी घेतलीस तर मधली मोकळी जागा भरायला झाड, गाडी, मोडकं घर असं काहीबाही आणावं लागेल, आणि माणसं हरवतील. सेनियोचे पूरबांध माणसाच्या कित्येक पट उंच होते. नुसता ७ मीटर धरला तरी मॉडेलमध्ये तो २० सेंमी होईल. म्हणून बांधाचा माथा दाखवूच नकोस. उतार मागच्या कडेला सरळ उभा काप, वरचा बांध बघणारा मनाने पुरा करतो.

बांधाचा पायथा पुढच्या कडेला समांतर ठेवू नकोस. डावीकडे कडेपासून ४.५ सेंमी आणि उजवीकडे ७.५ सेंमी अशी तिरपी रेघ मार. समांतर रेषेने दृश्य दुकानातल्या फळीवर मांडल्यासारखं दिसतं.

हे सगळं खऱ्या मापात कागदावर काढ. फिगर्स रंगवण्याआधी जोडून ब्लू-टॅकने (पुन्हा काढता येणाऱ्या चिकट गोळ्याने) कागदावर उभ्या कर, मोबाइल त्यांच्या डोळ्यांच्या पातळीला आणून फोटो काढ आणि तो कृष्णधवल करून बघ. एकाची रायफल दुसऱ्याच्या डोक्यातून उगवलेली दिसते का? तिघं तीन दिशांना बघतायत का? नजर जुळत नसेल तर मान कापून डोकं थोडं फिरव. नवशिक्यांच्या कामात सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. रंग कितीही सफाईदार असला तरी एकमेकांकडे न बघणारी माणसं म्हणजे एका पट्टीवर चिकटवलेली सुटी खेळणीच.

पाया ६ मिमीच्या एमडीएफचा (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीचा). त्याला आधी दोन्ही बाजूंनी सीलर किंवा वॉर्निश मार, नाहीतर ओली पुट्टी लागताच तो वाकतो. त्यावर २ सेंमी जाडीच्या एक्सपीएस फोमचे (घट्ट, बारीक पोताच्या थर्माकोलसारख्या फोमचे) तीन थर, प्रत्येक थर मागे सरकवलेला. फोमला फेव्हिकॉल लाव आणि टूथपिक टोचून एक-दोन दिवस ठेव, कारण मधल्या भागाला हवा लागत नाही. सॉल्व्हंटचा गोंद किंवा स्प्रे प्रायमर उघड्या फोमवर गेला तर फोम वितळतो.

जमिनीसाठी वॉल पुट्टी दोन भाग, चहाच्या गाळणीने चाळलेली कोरडी माती एक भाग, पातळ केलेला फेव्हिकॉल आणि थोडा तपकिरी अॅक्रिलिक रंग. रंग आतच मिसळला की टवका उडाला तरी पांढरं दिसत नाही. एका वेळी २ मिमीपेक्षा जाड थर नको. पुट्टी वाळताना आक्रसते आणि भेगा पडतात. माती आधी तव्यावर भाजून घे, नाहीतर बुरशी येते. वाळूचा १ मिमीचा कण इथे साडेतीन सेंमीचा दगड असतो, तेव्हा हात आखडता ठेव. मॉडेलचं नकली गवत २ आणि ४ मिमीचं मिसळून, विरळ लाव. तोफांच्या आणि विमानांच्या माऱ्यानंतरचा बांध आहे, हिरवळ नव्हे.

लेप ओला असतानाच बुटांचे ठसे दाबून घे. नंतर टाचेत ०.८ मिमीचं भोक पाडून पितळी तार घाल आणि फिगर ठशातच बसव. बूट आणि जमीन यांत केसाएवढी फट राहिली तरी माणूस तरंगतो.

फिगर्ससाठी ब्रिटिश पायदळाचा १/३५ किट चालेल. गणवेश, जाळीचं हेल्मेट, १९३७ पद्धतीचं वेबिंग (कापडी पट्टे आणि पिशव्या) हे जुळतं, पण किटमधला त्वचेचा रंगतक्ता बाजूला ठेव. तपकिरीत थोडा विटकरी हा मूळ रंग, सावलीला बर्न्ट अंबर (गडद तपकिरी), उजेडाला ऑकर (मातकट पिवळा). उजेडासाठी पांढरा मिसळलास तर चेहरा राखेचा होतो. डोकं आणि शस्त्र वेगळं रंगव, शेवटी चिकटव. ज्या मातीने जमीन केलीस तिचीच पूड बुटांवर आणि गुडघ्यांवर लाव. हे केलं नाही तर माणसं नुकतीच आणून ठेवल्यासारखी दिसतात.

चेहऱ्यांचे रंग, गणवेशाच्या छटा यावर नंतर सविस्तर लिहीन. आत्ता फक्त कागदावरची आखणी आणि तो कृष्णधवल फोटो पाठव. रंगाची बाटली तोपर्यंत बंद.

तुझा,
काका