विचारा की! : रात्रीची रेल्वे, जमखंडीतलं ग्रहण आणि गेटवरचा हॉर्न

यावेळी आलेल्या पत्रांतली तीन घेतलीत. तिघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण तिन्ही प्रश्न लाटांचेच निघाले, आवाजाच्या आणि प्रकाशाच्या. मग म्हटलं एकदमच उत्तरं देऊया.

प्रश्न : सर, आमचं गाव खानापूर तालुक्यात आहे, रेल्वेलाईनपासून चार-पाच किलोमीटर आत. दिवसा गाडीचा आवाज कधीच येत नाही पण थंडीत रात्री झोपलं की घराच्या मागनंच गाडी जाऊलाली असं वाटतंय. आज्जी म्हणते थंड हवा जड असते म्हणून आवाज वाहून आणते. खरं काय? – एसएसएलसीची (दहावीची) विद्यार्थिनी

बाळ, आज्जीनं थंडीला पकडलं ते बरोबर आहे, कारण मात्र वेगळं आहे. रात्री ट्रॅक्टर नाही, मिक्सर नाही, सगळं शांत असतं हे तर आहेच, पण तेवढ्यानं भागत नाही. आवाजाचा वेग हवेच्या तापमानावर ठरतो. शून्य डिग्रीला सेकंदाला ३३१ मीटर, पुढं दर डिग्रीला साधारण ०.६ मीटरनं वाढतो, म्हणजे २० डिग्रीला ३४३. आता दिवसा काय होतं, जमीन तापते, जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गरम होते, त्यामुळं आवाजाच्या लाटेचा खालचा भाग पुढं पळतो आणि वरचा मागं रेंगाळतो. बैलगाडी डोळ्यासमोर आण. एक बैल जोरात निघाला आणि दुसरा हळू चालला तर गाडी कुठं वळते? हळू चालणाऱ्याच्या बाजूला. तसाच दिवसाचा आवाज वर वळतो आणि तुमच्या गावाच्या डोक्यावरनं निघून जातो.

थंडीच्या निरभ्र रात्री सगळं उलटं. जमीन लवकर गार पडते, खालची हवा गार आणि वरची त्यामानानं उबदार, याला हवामानवाले इन्व्हर्जन म्हणतात. आता हळू चालणारा बैल खाली आलाय, म्हणून वर निघालेला आवाजसुद्धा वळून परत खाली येतो आणि थेट तुझ्या अंथरुणापाशी पोचतो. त्यात वाऱ्याची दिशा गाडीकडनं तुमच्याकडं असेल तर आणखीनच स्पष्ट. आणि नीट ऐक, तुला हॉर्न आणि चाकांची घरघर येत असेल, डब्यांची बारीक खडखड येणार नाही, कारण लांबच्या वाटेत हवा बारीक म्हणजे वरच्या पट्टीचे आवाज जास्त गिळते.

प्रकाशाचंही असंच होतं बरं का. एप्रिलात निपाणी-संकेश्वरच्या हायवेवर लांब पाणी साचल्यासारखं दिसतं ना, ते आभाळ असतं. डांबराला लागून असलेली हवा तापून विरळ होते, विरळ हवेत प्रकाश किंचित जास्त वेगानं जातो आणि वर वळून तुझ्या डोळ्यात येतो. बैलगाडी तीच, फक्त माल वेगळा.

प्रश्न : जमखंडीला पूर्वी कुणी इंग्रज साहेब ग्रहण बघायला आला होता असं आमचे वडील सांगायचे. हे खरं का? आणि सूर्यात काय काय आहे हे तिथं न जाता कळतं कसं? – एक शेतकरी वाचक, अथणी

काका, अगदी खरं आहे, आणि तुम्ही हे विचारलंत याचा मला फार आनंद झाला. तारीख १८ ऑगस्ट १८६८. त्या दिवशी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा आपल्या भागातनं पुढं आंध्रात गेला. जमखंडी तेव्हा पटवर्धनांचं संस्थान. तिथं लेफ्टनंट जॉन हर्शेल दुर्बीण आणि स्पेक्ट्रोस्कोप घेऊन आले होते, ज्यांनी युरेनस ग्रह शोधला त्या विल्यम हर्शेल यांचे ते नातू, आणि हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात कामाला होते. ऑगस्ट महिना, म्हणजे ढग आलेच. ग्रहण चालू असताना ढग मधे मधे येत होते, त्यातनं मिळाल्या तेवढ्या क्षणांत त्यांनी काम केलं.

काम कसलं? स्पेक्ट्रोस्कोप म्हणजे प्रकाशाची चाळण. बारीक फटीतनं आलेला प्रकाश पसरवून त्यातली प्रत्येक लांबीची लाट वेगळ्या जागी पाडायची. तापलेलं लोखंड किंवा जुन्या बल्बची तार बघितली तर सलग पट्टा दिसतो, तांबड्यापासनं जांभळ्यापर्यंत. पण तापून चमकणारा विरळ वायू असेल तर मोजक्याच सुट्या रेघा दिसतात, आणि प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघा ठरलेल्या, अंगठ्याच्या ठशासारख्या. हे किर्खहॉफ आणि बुन्सेन यांनी १८६० च्या सुमाराला जर्मनीत दाखवून दिलं होतं. सूर्याच्या कडेला ग्रहणात तांबड्या ज्वाळा दिसतात त्या काय आहेत हा तेव्हाचा मोठा प्रश्न होता. हर्शेल यांना जमखंडीत त्या ज्वाळांत तीन ठळक रेघा दिसल्या, तांबडी, नारिंगी आणि निळी. सलग पट्टा नाही. म्हणजे ज्वाळा तापलेल्या वायूच्या आहेत, विषय संपला. त्याच दिवशी गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनाही अशाच रेघा दिसल्या.

आता ती नारिंगी रेघ. हर्शेल यांना ती सोडियमची वाटली, आणि त्यात त्यांचा दोष नाही कारण सोडियमच्या रेघेची लाट ५८९ नॅनोमीटर लांबीची (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) आणि हिची ५८७.६, फरक जेमतेम दीड नॅनोमीटरचा. नीट मोजल्यावर कळलं ही सोडियमची नव्हेच, पृथ्वीवर कुणी न बघितलेल्या वायूची आहे. तो हेलियम. पृथ्वीवर तो रॅम्से यांना सापडला १८९५ साली, म्हणजे सत्तावीस वर्षांनी! जमखंडीच्या पोरांना हे दर १८ ऑगस्टला शाळेत सांगायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

काका, घरी बघायचं असेल तर सोपं आहे. कुंद्याच्या मिठाईचा रिकामा मोठा बॉक्स घ्या, एका बाजूला दोन ब्लेड जवळजवळ चिकटवून बारीक उभी फट करा, समोरच्या बाजूला आत जुन्या सीडीचा तुकडा तिरपा बसवा आणि वरनं डोळा लावायला भोक पाडा. सीडीवर मिलिमीटरला सुमारे ६२५ रेघा असतात, त्याच प्रकाश पसरवतात. जुना सीएफएल असेल तर सुट्या रंगांचे पट्टे दिसतील, एलईडीला जवळपास सलग पट्टा. मग गॅस पेटवा. मीठ घातलेली आमटी उतू गेली की ज्योत पिवळी भडकते हे घरात रोज बघतो आपण, ती पिवळी म्हणजेच सोडियम. चिमूटभर मीठ ज्योतीवर सोडा आणि बॉक्समधनं बघा, पिवळी रेघ चमकून जाईल. त्या प्रकाशाच्या एका मिलिमीटरात जवळजवळ सतराशे लाटा बसतात. सूर्याकडं मात्र बॉक्स धरू नका, डोळा जाईल.

प्रश्न : आमचं घर बेळगावात रेल्वे गेटजवळ आहे. गाडी पुढनं निघून गेली की हॉर्नचा सूर एकदम का उतरतो? ड्रायव्हर बदलतो काय? – एक वाचक

ड्रायव्हर काही बदलत नाही हो. गाडी आपल्याकडं येत असते तेव्हा पुढची प्रत्येक लाट थोडी जवळनं सुटते म्हणून लाटा दाटतात आणि सूर चढतो, लांब जाताना त्याच्या उलट. डॉप्लर यांनी हे १८४२ साली मांडलं, आणि १८४५ मध्ये हॉलंडात बाईस बॅलॉट यांनी रेल्वेवर कर्णे वाजवणारे बसवून आणि रूळाशेजारी सुरांचे जाणकार उभे करून ते खरं करून दाखवलं. प्रकाशालाही हे लागू आहे, हगिन्स यांनी १८६८ सालीच, म्हणजे जमखंडीच्या ग्रहणाच्याच वर्षी, व्याध ताऱ्याची रेघ किती सरकलीय ते बघून त्याचा वेग काढायचा प्रयत्न केला होता.

तुम्ही गाडीचा वेग काढू शकता. गेटच्या अलीकडं, अंगणातच उभं राहून मोबाईलवर हॉर्न रेकॉर्ड करा आणि ट्यूनरच्या ॲपमध्ये येतानाचा आणि जातानाचा हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला किती लाटा त्याचा, आकडा बघा. हॉर्न दोन्ही वेळेला वाजायला पाहिजे एवढंच. समजा ४२४ आणि ३७६ आले. वजाबाकी ४८, बेरीज ८००, भागाकार ०.०६, त्याला आवाजाच्या वेगानं, म्हणजे ३४३ नी गुणलं की सेकंदाला साधारण साडेवीस मीटर, म्हणजे ताशी ७४ किलोमीटर. पेटीवर वाजवून बघितलं तर एवढा फरक शुद्ध रे वरनं सा वर उतरल्याइतका भरतो. थंडीत पहाटे मोजलं तर ३४३ च्या जागी ३४० धरा.