स्कूबा डायव्हिंग करून परत येताना बोट सापडत नाही म्हणतोस? थांब, सांगतो

अरे भावा, मालवणच्या पाण्यात व्हिजिबिलिटी कधी दहा मीटर तर कधी हात लांब केला की बोटं दिसत नाहीत अशी, त्यामुळे "बोट दिसेलच की" या भरवशावर राहू नको. उडी मारायच्या आधीच बोटीवरून किनारा कुठल्या बाजूला आहे ते कंपासवर बघून घे. खाली गेलास की नांगराच्या दोरीपाशी जरा थांब, किती खोल आहे ते बघ, आजूबाजूचा एखादा वेगळा दिसणारा खडक लक्षात ठेव, आणि मागे वळूनही बघ कारण परत येताना तोच खडक उलट्या बाजूने अगदी अनोळखी दिसतो. करंट असेल तर जाताना त्याच्या विरुद्ध जा, येताना तोच ढकलत आणेल.

६० अंशावर गेलास तर परत २४० वर, एवढंच गणित. कंपास आडवा सपाट धर, तिरका झाला की काटा अडकतो. किक, म्हणजे पाय किती वेळा मारलेस ते, मोजत जा, मी एकदा मासे बघण्याच्या नादात मोजणं सोडलं आणि वर आलो तर बोट लांब, नावाडी हात हलवतोय, मग काय, लाटा खात पोहत गेलो.

टाकीतली हवा अर्धी व्हायच्या आधीच वळ. आणि नाहीच सापडली तर खाली शोधत बसू नको, बडीला, म्हणजे सोबतच्या डायव्हरला, खूण कर, पाच मीटरवर तीन मिनिटं थांब, बोटीवरच्यांना दिसेल असा दोरीला बांधलेला खुणेचा फुगा वर सोड, मग वर ये. फुगा आधी उथळ पाण्यात सोडून बघ हां, त्याच्या दोरीचं रील गुंडाळताना सगळ्यांचा गुंता होतो.