घरातील टेलिफोनची वायरिंग सुधारल्याने डीएसएल ब्रॉडबँडचा सिग्नल खरोखर सुधारतो का?

तुमची अडचण मला समजली ती अशी : घर जुने आहे, टेलिफोनची एकच लाइन चार खोल्यांतील सॉकेटपर्यंत फिरवलेली आहे, मॉडेम सर्वांत आतल्या खोलीत आहे, डाउनस्ट्रीम मार्जिन (घराकडे येणारा सिग्नल गोंगाटापेक्षा गरजेहून किती जास्त आहे ते डेसिबेलमध्ये, म्हणजे डीबीत, सांगणारा आकडा) ४-५ डीबीच्या आसपास राहते, डीएसएलचे, म्हणजे टेलिफोनच्याच तारेवरून येणारे इंटरनेट कनेक्शन वारंवार तुटते आणि म्हणून नवे मॉडेम घ्यावे का, असा तुमचा प्रश्न आहे. माझे मत असे की मॉडेमला हात लावण्याआधी वायर तपासावी. तुम्ही वर्णन केलेल्या मांडणीत दोष बहुतेक वेळा वायरमध्येच निघतो आणि तो दूर करण्यासाठी लागणारे सामानही किरकोळ असते.

फोनवर बोलणे स्वच्छ ऐकू येते, म्हणजे लाइन चांगली आहे, असे पुष्कळ जण गृहीत धरतात. तसे धरता येत नाही. बोलण्यासाठी साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा लागतो आणि तेवढ्यासाठी जवळजवळ कोणतीही तार चालते. डीएसएलचा एक प्रकार असलेले एडीएसएल मात्र त्याच तांब्याच्या जोडीवरून सुमारे २६ ते ११०४ किलोहर्ट्झपर्यंत जाते, त्याची पुढची आवृत्ती एडीएसएल२ प्लस २२०८ किलोहर्ट्झपर्यंत, आणि आणखी वेगवान व्हीडीएसएल२ तर १७ मेगाहर्ट्झपर्यंत किंवा त्याहूनही वर. इतक्या वरच्या वारंवारतेला सैल स्क्रू, सपाट तार, अर्धवट सोडलेला फाटा (मुख्य तारेला जोडलेली बाजूची तार) यांतले प्रत्येक काही जाणवते.

पहिली चाचणी अशी करावी. बाहेरची लाइन घरात शिरते त्या पहिल्या बॉक्सपाशी आतल्या खोल्यांकडे जाणारी सगळी वायर सोडवावी, सर्व फोन काढून टाकावेत आणि मॉडेम आखूड तारेने थेट तिथेच जोडावे. लाइनवर एरवी ४८ व्होल्टच्या आसपास डीसी असतो, पण रिंग येताना त्याहून बराच जास्त एसी दाब येतो. त्यामुळे उघड्या टोकांना हात लावताना जपावे आणि विजा कडाडत असताना हे काम मुळीच करू नये. बॉक्सची बाहेरची बाजू सेवा देणाऱ्या कंपनीची असते, ती उघडू नये. आता मॉडेमच्या स्थिती दाखवणाऱ्या पानावरून मार्जिन, अ‍ॅटेन्युएशन (तारेत सिग्नल किती क्षीण झाला), सिंक झालेला, म्हणजे मॉडेम आणि कंपनीचे यंत्र यांनी जोडणीच्या वेळी ठरवलेला वेग, कमाल शक्य वेग आणि सीआरसी चुका (वाटेत बिघडून आलेली माहिती) हे आकडे उतरवून घ्यावेत व नेहमीच्या जागेवरच्या आकड्यांशी ताडून पाहावेत. दोन्ही नोंदी दिवसाच्या एकाच वेळी घ्याव्यात, कारण अंधार पडल्यावर लाइनवरील गोंगाट बहुधा वाढतो.

हे आकडे वाचताना एक गोष्ट लक्षात असू द्यावी. मॉडेम सिंक होताना ठरलेले मार्जिन, बहुधा ६ डीबी, राखून उरलेल्या क्षमतेचे वेगात रूपांतर करते. म्हणून लाइन सुधारली तरी मार्जिन तेवढेच दिसू शकते आणि सुधारणा वेगात दिसते. किती, याचा हिशोब सोपा आहे. डीएसएलमध्ये ४.३१२५ किलोहर्ट्झच्या अंतराने शेकडो वाहक, म्हणजे माहिती वाहून नेणाऱ्या वेगवेगळ्या वारंवारतेच्या लहरी, असतात, प्रत्येक वाहकावर एक बिट जास्त बसवायला सुमारे ३ डीबी लागतात आणि सेकंदाला ४००० वेळा हे बिट पाठवले जातात. म्हणजे ४०० वाहकांवर ३ डीबी मिळाले, तर सेकंदाला साधारण १६०० किलोबिट वाढतात.

पहिल्या बॉक्सपाशी आकडे स्पष्टपणे सुधारले, तर दोष घरातच आहे. माझ्या अनुभवात यातला मुख्य अपराधी म्हणजे वापरात नसलेले फाटे. सिग्नल फाट्यात शिरतो, मोकळ्या टोकावर आपटून परततो आणि ज्या वारंवारतेला फाट्याची लांबी तरंगलांबीच्या चतुर्थांशाएवढी असते, तिथे उलटा होऊन मूळ सिग्नललाच खोडतो. तारेतला वेग प्रकाशाच्या सुमारे दोन-तृतीयांश धरला, तर ३० मीटरचा फाटा १६५० किलोहर्ट्झच्या आसपास, म्हणजे एडीएसएल२ प्लसच्या ऐन पट्ट्यात, खड्डा पाडतो. १० मीटरचा फाटा ५ मेगाहर्ट्झजवळ, म्हणजे व्हीडीएसएलच्या मुळावर येतो. मॉडेम प्रत्येक वाहकावरचे बिट आलेखात दाखवत असेल, तर हा खड्डा डोळ्यांनी दिसतो. फाट्याच्या टोकाच्या फोनला फिल्टर (फोनपर्यंत डीएसएलचा सिग्नल जाऊ न देणारी डबी) लावला तरी फाटा आहे तिथेच राहतो, हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते. तो सुरुवातीच्या टोकापाशीच सोडवावा लागतो.

त्यानंतर जोड पाहावेत. जुन्या सॉकेटचे झाकण काढल्यावर स्क्रूभोवती हिरवट पूड दिसली, किंवा नुसते पीळ देऊन वर चिकटपट्टी गुंडाळलेला आणि आत काळा पडलेला जोड सापडला, तर घासूनपुसून वेळ घालवू नये. तेवढा भाग कापून ताज्या तांब्यावर जेल भरलेल्या दाबाच्या कनेक्टरने नवा जोड द्यावा. दमट हवेत खरखर वाढणे आणि फोन उचलताच कनेक्शन तुटणे ही अशा जोडांची ओळख आहे. चार तारांच्या केबलमध्ये एक तार एका जोडीतली आणि दुसरी दुसऱ्या जोडीतली वापरलेली असेल, तर तेही दुरुस्त करावे. बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांत सारखाच शिरून परस्पर रद्द होणे हे पिळाचे काम असते आणि जोड्या अशा फुटल्या की तो फायदाच जातो.

नवी मांडणी एका वाक्यात सांगता येते : पहिल्या बॉक्सपाशी एकच स्प्लिटर (फोनचा आणि डीएसएलचा सिग्नल वेगळा करणारी डबी), त्याच्या डीएसएल बाजूने कॅट ५ई केबलमधील (संगणकाच्या नेटवर्कसाठी वापरतात ती पिळलेल्या जोड्यांची केबल) एकच पिळलेली जोडी मध्ये कुठेही न तोडता थेट मॉडेमपर्यंत, आणि सर्व फोन स्प्लिटरच्या दुसऱ्या बाजूला. असे केले की खोलीखोलीतले फिल्टर लागत नाहीत आणि फोनच्या तारेला कितीही फाटे असले तरी ते डीएसएलला दिसत नाहीत. केबल विजेच्या वायरला समांतर नेऊ नये. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडावी. त्याहूनही चांगला पर्याय म्हणजे मॉडेमच पहिल्या बॉक्सजवळ ठेवणे आणि आतल्या खोलीपर्यंत ईथरनेट, म्हणजे मॉडेमपासून संगणकाकडे जाणारी नेटवर्कची केबल, नेणे, कारण ईथरनेट १०० मीटरपर्यंत निर्धास्त चालते. मॉडेमसोबत आलेली लांब सपाट तार मात्र काढूनच टाकावी.

एवढे करूनही ठरावीक वेळी चुका वाढत असतील, तर बॅटरीवर चालणारा एएम रेडिओ स्टेशन नसलेल्या जागी लावून केबलच्या वाटेने फिरवावा. मीडियम वेव्हचा पट्टा आणि डीएसएलचा पट्टा एकमेकांवर येतात, त्यामुळे चार्जर, दिव्याचा डिमर किंवा स्वस्त एलईडी दिवा त्रास देत असेल तर जवळ जाताच रेडिओ गुरगुरतो. ते उपकरण बदलावे किंवा दूर न्यावे.

बदल केल्यावर मॉडेम वारंवार बंद-चालू करू नये. अनेक कंपन्यांची स्वयंचलित प्रणाली असे तुटणे लाइनची अस्थिरता समजून वेग कमी करते, आणि तो पुन्हा वाढवायला काही दिवस घेते.

पहिल्या बॉक्सपाशीही आकडे तसेच वाईट राहिले, तर घरात खोदकाम करण्यात अर्थ नाही. अ‍ॅटेन्युएशन जास्त असेल तर ते मुख्यतः अंतरामुळे आहे आणि त्यावर घरात उपाय नाही. पण ते दिवसागणिक बदलत असेल किंवा सीआरसी चुका झपाट्याने वाढत असतील, तर बाहेरच्या जोडात दोष असण्याची शक्यता मोठी आहे. तक्रार नोंदवताना केवळ वेग कमी आहे असे न म्हणता, आतली वायर पूर्ण सोडवून पहिल्या बॉक्सपाशी घेतलेले आकडे वेळेसह द्यावेत, म्हणजे तंत्रज्ञाला घरातल्या वायरकडे बोट दाखवून परत जाता येत नाही.