स्टेंट स्वस्त झाला, मग बिल का नाही? वाचकांचे प्रश्न आणि माझी उत्तरं

मागच्या लेखात मी म्हटलं होतं की सरकारने उपचारांचे दर बांधून देण्याच्या भानगडीत पडू नये, गरिबाचं बिल भरावं, हॉस्पिटलांना किमती उघड करायला लावाव्यात आणि बाकीचं स्पर्धेवर सोडावं. झालं, मेलमध्ये शिव्याही आल्या आणि चांगले प्रश्नही आले. शिव्या जपून ठेवल्यात, प्रश्नांपैकी काही इथे घेतोय. मी डॉक्टर नाही, कॉस्ट अकाउंटंट आहे, हॉस्पिटलांची बिलं आणि हिशोब बघण्यात बावीस वर्षं गेली, त्यामुळे जे काही दिसतं ते बिलिंग काउंटरच्या मागून दिसतं, हे आधीच सांगितलेलं बरं.

प्रश्न (नाशिक): मोठ्या भावाची अँजिओप्लास्टी २०१६ च्या शेवटी झाली, माझी २०१८ मध्ये. हॉस्पिटल एकच, दोघांना एकेकच स्टेंट. मधे सरकारने स्टेंट स्वस्त केला म्हणून टीव्हीवर केवढा गाजावाजा! आणि माझं बिल भावापेक्षा जेमतेम वीस हजारांनी कमी. पैसे गेले कुठे?

कुठे गेले नाहीत हो, बिलातच आहेत, फक्त दुसऱ्या ओळीत जाऊन बसलेत. १३ फेब्रुवारी २०१७ ला एनपीपीएने, म्हणजे औषधांच्या किमती ठरवणाऱ्या केंद्राच्या प्राधिकरणाने, औषधाचा लेप असलेल्या स्टेंटची (हृदयाच्या अडलेल्या रक्तवाहिनीत बसवायची जाळीदार नळी) कमाल किंमत २९,६०० रुपये केली आणि साध्या धातूच्या स्टेंटची ७,२६०. त्याआधी लेपवाला स्टेंट बिलात सर्रास लाखाच्या वर लागायचा. त्या लाखात कंपनीचा वाटा होता, डिस्ट्रिब्युटरचा होता, पण मोठा घास हॉस्पिटलचा, आणि त्यातूनच कॅथलॅबच्या (अँजिओप्लास्टी जिथे करतात ती खोली) मशीनचा हप्ता निघायचा, रात्रपाळीच्या स्टाफचा पगार निघायचा आणि काही ठिकाणी पेशंट पाठवणाऱ्या डॉक्टरचं कटही निघायचं. स्टेंटची किंमत एका रात्रीत उतरली, पण मशीनचा हप्ता काही उतरला नाही. मग पुढच्या टॅरिफ शीटमध्ये, म्हणजे हॉस्पिटलच्या दरपत्रकात, कॅथलॅब चार्जेस वाढले, प्रोसिजर चार्जेस वाढले, अँजिओप्लास्टीतच लागणाऱ्या बलून आणि गाइडवायरवर तेव्हा कमाल किंमत नव्हती तर त्या ओळी जाडजूड झाल्या. मी बघितलेल्या कित्येक बिलांत हे असंच झालं. सगळीकडे झालं असं म्हणणार नाही, काही पेशंटांचे खरोखर पैसे वाचले.

आता मी बाजारवाला माणूस, तेव्हा इथे ‘बघा, सरकारने हात घातला की असंच होतं’ म्हणून टाळी मारून मोकळं व्हायला पाहिजे. पण तसं करणं अप्रामाणिक होईल, कारण आधीची किंमत तरी कुठे बाजाराने ठरवलेली होती? याच एनपीपीएने फेब्रुवारी २०१८ मध्ये दिल्लीच्या आसपासच्या चार मोठ्या खासगी हॉस्पिटलांची बिलं तपासून अहवाल दिला होता. त्यात थ्री-वे स्टॉपकॉक नावाची एक वस्तू आहे, सलाइनच्या नळीला लावायची तीन तोंडांची प्लॅस्टिकची छोटी तोटी, तळहातावर चार मावतील एवढी. हॉस्पिटलची खरेदी ५ रुपये ७७ पैशांना, पेशंटच्या बिलात १०६ रुपये. आणि हे बेकायदा नाही बरं का, कारण पाकिटावर एमआरपीच १०६ छापलेली.

एमआरपी एवढी का छापली? समजा दोन कंपन्या हीच तोटी सहा रुपयांना विकतात, एकीने एमआरपी चाळीस छापली, दुसरीने एकशे सहा. हॉस्पिटलचा पर्चेस मॅनेजर कुणाची घेईल? चाळीसवाली कंपनी दोन महिन्यांत बाहेर. म्हणजे स्पर्धा आहे, चांगली गळेकापू आहे, पण ती पेशंटला स्वस्त द्यायची नाही, हॉस्पिटलला जास्त मार्जिन द्यायची आहे. निवडणारा एक आणि पैसे भरणारा दुसरा असला की बाजार उलटा चालायला लागतो.

मग उपाय काय? माझ्या मते एकेका वस्तूच्या मागे सरकार धावून पुरणार नाही, आज स्टेंट, उद्या गुडघा (तोही केला, ऑगस्ट २०१७ मध्ये), परवा स्टॉपकॉक. बिलात दोनशे ओळी असतात. त्यापेक्षा एक सक्ती करा, ठरलेल्या ऑपरेशनचा सगळा मिळून एक आकडा आधी सांगायचा, लेखी, आणि नंतर वर एक रुपया नाही. तो आकडा किती असावा ते हॉस्पिटलने ठरवावं, सरकारने नाही. ज्या दिवशी स्टॉपकॉक त्या एका आकड्यात जाईल त्या दिवशी तोच पर्चेस मॅनेजर सहाची वस्तू साडेपाचला मिळते का म्हणून चार डीलरना फोन करेल. औषधं बाहेरून आणायची मुभा द्या म्हणून एक याचिका सुप्रीम कोर्टात गेली होती, मार्च २०२५ मध्ये कोर्टाने ते राज्यांच्या धोरणावर सोडलं. मुभा असावीच, पण पेशंट टेबलवर असताना मुलाला स्टॉपकॉक आणायला कोण पाठवणार आहे?

प्रश्न (न्यू जर्सी): मी १९९८ पासून इथे आहे. मुलाचा हात मोडला तेव्हा बिल बघून आमचेच हातपाय गळाले. मुक्त बाजाराचं फळ हेच असेल तर ते महाराष्ट्रात नको.

अमेरिकेत आरोग्याचा मुक्त बाजार आहे हा गैरसमज इतका पक्का बसलाय की तो काढायला गेलं की माणसं माझ्याचकडे संशयाने बघतात. १९४२ मध्ये महायुद्धामुळे तिथल्या सरकारने पगारवाढीवर बंधन घातलं, कामगार तर हवे होते, म्हणून कंपन्यांनी पगाराऐवजी आरोग्य विमा द्यायला सुरुवात केली, मग करखात्याने त्यावर कर नको म्हटलं आणि १९५४ मध्ये ती सूट कायद्यात पक्की झाली. पगारावर कर आणि विम्यावर नाही, मग काय, सगळं विम्यातूनच. १९६५ मध्ये म्हाताऱ्यांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड या सरकारी योजना आल्या. आज तिथे आरोग्यावरच्या दहा डॉलरमधला साधारण एकच डॉलर पेशंटच्या स्वतःच्या खिशातून थेट जातो. भाव विचारायचं कारणच उरत नाही, आणि विचारला तरी सांगणारा कुणी नसतो.

त्यात भर म्हणजे ‘सर्टिफिकेट ऑफ नीड’. १९६४ मध्ये न्यूयॉर्कने सुरू केलं, १९७४ च्या केंद्रीय कायद्याने देशभर पसरलं, १९८७ मध्ये केंद्राने तो कायदा मागे घेतला तरी कितीतरी राज्यांनी ते चालूच ठेवलं, तुमचं न्यू जर्सीही त्यात. याचा अर्थ असा की नवं हॉस्पिटल काढायचं तर आधी ‘गरज आहे’ हे सरकारला पटवायचं, आणि शेजारचं जुनं हॉस्पिटल त्यावर हरकत घेऊ शकतं. चौकात नवी खानावळ काढायला जुन्या खानावळवाल्याची ना हरकत घेऊन या म्हटल्यासारखं! याला मुक्त बाजार म्हणायचं?

त्याच देशात डोळ्याचा नंबर घालवायची लेसर सर्जरी विम्यात सहसा बसत नाही, तर तिचे भाव जाहिरातीत असतात आणि बाकीच्या उपचारांसारखे ते भडकलेले नाहीत. ओक्लाहोमा शहरात एक सर्जरी सेंटर वर्षानुवर्षं ऑपरेशनचे सगळे मिळून दर इंटरनेटवर टाकतंय.

तुमच्या मुलाच्या हाताला मात्र यातलं काही लागू नाही, हे कबूल. लोंबकळता हात घेऊन कुणी भाव करत फिरत नाही. अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्येच लिहून ठेवलंय की आजारपण कधी येईल सांगता येत नाही आणि डॉक्टरला जेवढं कळतं तेवढं पेशंटला कळत नाही, म्हणून हा बाजार भाजीबाजारासारखा चालत नाही. आमच्या गोटातले काही लोक ॲरोचं नाव काढलं की विषय बदलतात. मी बदलत नाही, इमर्जन्सीला वेगळे नियम असावेत असंच माझं मत आहे. पण मोतीबिंदू, गुडघा, हर्निया, पित्ताशयातले खडे, यात माणसाला चार ठिकाणी विचारायला वेळ असतो की.

प्रश्न (ठाणे): ॲडमिशनला गेलं की ताप किती हे नंतर, ‘कॅशलेस आहे का’ हे आधी. का?

कारण कॅशलेस म्हणजे बिल विमा कंपनी परस्पर भरणार, आणि टॅरिफ शीट एक नसते. रोख भरणाऱ्याची वेगळी, विमावाल्याची वेगळी, कॉर्पोरेटची आणखी वेगळी. जुलै २०१० मध्ये सरकारी विमा कंपन्यांनी मुंबई, दिल्लीसारख्या शहरांतल्या बऱ्याच मोठ्या हॉस्पिटलांत कॅशलेस बंदच केलं होतं, बिलं फुगवतात म्हणून, आणि मग पॅकेज रेट, म्हणजे एकेका ऑपरेशनचा आधीच ठरवलेला दर, मान्य करणाऱ्यांचं नेटवर्क आलं. ‘विमाच भरतोय ना, मग आपलं काय जातं’ असं जे आपण म्हणतो ते पुढच्या वर्षीच्या प्रीमियममध्ये जातं.

प्रश्न (कुडाळ): बाजार बाजार करताय, आमच्याकडे हृदयाचं काही मोठं निघालं की वर्षानुवर्षं घरात एकच शब्द, बांबोळी. गोवा सरकारचं हॉस्पिटल. २०१८ मध्ये त्यांनी बाहेरच्यांना पैसे लावले तेव्हा आम्ही आंदोलनं केली. तुमच्या बाजाराने आमच्यासाठी काय केलं?

फार काही नाही केलं. जिथे पैसे भरणारा कमी तिथे बाजार पोचत नाही, आणि तो न पोचल्याने माणसं मरतात, हे मान्य न करणारा बाजारवाला मला अजून तरी प्रामाणिक वाटलेला नाही. म्हणून तर पहिल्याच ओळीत म्हटलं, गरिबाचं बिल सरकारने भरावं.

पण त्या वेळच्या भांडणाकडे जरा वेगळं बघा. गोव्याचं म्हणणं, आमच्या करदात्याच्या पैशावर शेजारच्या राज्याचे पेशंट किती दिवस? हिशोबाने त्यांचं चूक नव्हतं. आणि तुमचंही नव्हतं, जवळचं आणि चांगलं तेच तुम्ही निवडलं. चूक एवढीच की महाराष्ट्राने तुमच्यासाठी ठेवलेला पैसा तुमच्याबरोबर गोव्याच्या हद्दीवरचा पत्रादेवीचा नाका ओलांडत नव्हता. पुढे महाराष्ट्राची महात्मा फुले जनआरोग्य योजना बांबोळीला जोडायची धडपड झाली ती यासाठीच. पेशंट जाईल तिथे पैसा जावा, ही खरं तर अगदी बाजारवाली कल्पना आहे, मोर्चात कुणी तसं म्हटलं नसेल एवढंच.

आणि सिंगापूरबद्दल दोघातिघांनी विचारलंय म्हणून इथेच सांगतो. तिथे १९८४ पासून मेडिसेव्ह आहे, पगारातून सक्तीने कापून स्वतःच्या नावावर उपचाराची बचत, खर्च करताना आपलेच पैसे जातात म्हणून माणूस दोनदा विचार करतो. आमचे लोक एवढं सांगून थांबतात. हॉस्पिटलच्या बहुतेक खाटा तिथे सरकारी आहेत, हे सांगत नाहीत.

प्रश्न (सांगली, पंचवीस खाटांचं हॉस्पिटल चालवणारे डॉक्टर): सरकारी आरोग्य योजनेत पाच लाखांचं कव्हर म्हणून पेशंट बोर्ड दाखवतो, आम्हाला मिळणारा रेट मात्र खर्चालाही पुरत नाही. आम्ही काय करायचं?

पाच लाख हा पोस्टरवरचा आकडा. खरा आकडा म्हणजे एकेका ऑपरेशनचा पॅकेज रेट, आणि तो पोस्टरवर कधीच नसतो. रेट खर्चापेक्षा खाली ठेवला की तीनच गोष्टी होतात: चांगली हॉस्पिटलं यादीतून बाहेर पडतात, किंवा ‘खाट शिल्लक नाही’ म्हणतात, किंवा पेशंटकडून वरचे पैसे घेतात. तिसरं तुम्ही करत नसाल असं धरून चालतो.

२०२० आठवतंय ना? कोविडमध्ये राज्याने खासगी हॉस्पिटलांच्या ८० टक्के खाटांना दर लावले, दिवसाला साधा वॉर्ड ४,०००, आयसीयू ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. पीपीई किट मात्र त्या दरात नव्हते. मग पुढच्या बिलांत काय निघालं? पीपीई किट. मी एका बिलात एका पेशंटच्या नावावर दिवसाला अकरा किट मोजली, वॉर्डमध्ये पेशंट मात्र सोळा, आणि एकाच किटमध्ये नर्स सगळ्यांना बघते. सरकारने ऑडिटर नेमले, ऑडिटरला फाइल वाचायला वेळ नाही. कधीकधी दरांचं बंधन लागतं, तेव्हा ते लावावं, पण एक ओळ उघडी राहिली की सगळं पाणी तिथूनच वाहतं.

प्रश्न (लातूर, फार्मसीचा विद्यार्थी): म्हणजे औषधांच्या किमतीवरही नियंत्रण नको?

अरे बाबा, एकच उदाहरण सांगतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये एनपीपीएने स्वतःच काही जुन्या औषधांच्या कमाल किमती ५० टक्के वाढवल्या, बेंझाइल पेनिसिलिन, दम्याच्या सॅल्ब्युटामॉलच्या गोळ्या, लिथियम, अ‍ॅट्रोपिन वगैरे. किमती दाबून ठेवल्या म्हणून परवडत नाही, बंद करतो, असं कंपन्या म्हणायला लागल्या होत्या. पेनिसिलिन! इतकं जुनं आणि उपयोगाचं, पैशाला पासरी मिळणारं औषध. जे मिळतच नाही त्याची किंमत कितीही कमी असली तरी काय चाटायची?

उलट २००१ मध्ये सिप्लाने एड्सच्या तीन औषधांचं मिश्रण वर्षाला ३५० डॉलरला देऊ केलं, तेव्हा तोच कोर्स श्रीमंत देशांत दहा हजार डॉलरच्या वर होता. ते कुणी कमाल किंमत लावून झालं नाही, स्पर्धेने झालं. आणि ती स्पर्धा शक्य झाली ती १९७० च्या पेटंट कायद्यामुळे, ज्यात औषधाच्या रेणूवर मक्तेदारीच मिळत नव्हती. म्हणजे सरकारने केलेल्या कायद्यामुळेच, हेही लिहून ठेव, परीक्षेत नाही पण वादात उपयोगी पडेल.

प्रश्न (बारामती): हे सगळं ठीक. आईचं पुढच्या महिन्यात पित्ताशयाचं ऑपरेशन आहे, मी उद्या काय करू?

२०२१ च्या नियमांप्रमाणे राज्यातल्या खासगी हॉस्पिटलांनी दरपत्रक दर्शनी भागात लावायचं आहे. आधी ते कुठे आहे विचारा, फोटो काढा. मग लेखी एस्टिमेट मागा आणि त्यात तीन गोष्टी आहेत का बघा: कन्झ्युमेबल्स (हातमोजे, सिरिंजसारख्या वापरून टाकायच्या वस्तू), भूलतज्ज्ञाची फी आणि एक दिवस जास्त राहावं लागलं तर किती. ‘अंदाजे’ हा शब्द असेल तर जास्तीत जास्त किती ते त्याच कागदावर लिहून घ्या.

माझ्या आईच्या मोतीबिंदूच्या वेळी मी तीन ठिकाणी फोन केले, दोन मिनिटांत तीन आकडे मिळाले, कुठली लेन्स घेतली तर किती हेसुद्धा, कारण मोतीबिंदूला लोक विचारून विचारून येतात. वर्षभराने बहिणीच्या पित्ताशयासाठी तसेच तीन फोन केले. एकाने आकडा दिला, एकाने ‘सर ओपीडीला आले की विचारा’ म्हटलं आणि तिसरीकडची बाई म्हणाली, “काका, आधी ॲडमिट तर करा.” आम्ही आकडा देणाऱ्याकडे गेलो, डिस्चार्जच्या दिवशी बिल त्याच्यापेक्षा अकराशे रुपयांनी जास्त आलं, ते खोलीतल्या टीव्हीचा रिमोट हरवल्याचे होते आणि तो बहिणीच्या पर्समध्ये निघाला.